मत्स्यटाकीतील मचाण: मुळे पाण्यात, पाने हवेत

वरणगाव परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. उघड्या टाकीतील पाणी तेव्हा रोज सेंटिमीटरभर, कधी जास्तही उतरते. मत्स्यटाकीत ब्राह्मी, वेखंड किंवा नाळीची भाजी लावण्यासाठी मचाण बांधायचे असेल, तर आधी हा हिशोब धरावा. अशी झाडे वाया जातात ती बहुतेक वेळा मचाणाची उंची चुकल्याने. खोड बुडाले तर कुजते आणि मुळे उघडी पडली तर एका दुपारीत वाळतात.

या वनस्पती ओल्या काठावर वाढणाऱ्या आहेत. पाने हवेत असली की त्यांना कर्बवायू भरपूर मिळतो, वाढ जोमदार होते आणि पानांवर शेवाळ धरत नाही. मत्स्यालयासाठी रोपे तयार करणारे रोपवाटिकाधारकही पुष्कळ जाती अशाच, पाण्याबाहेर वाढवतात. माशांच्या विष्ठेतून पाण्यात येणारा अमोनिया आणि त्यापासून बनणारे नायट्रेट ही झाडे खत म्हणून उचलतात. वेगळे खत घालू नये.

काचेच्या टाकीसाठी पायांचे मचाण

२ × १ × १ फुटांच्या टाकीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. टाकीच्या एका टोकाला २० × २८ सें.मी.चे मचाण पुरे. त्यासाठी अर्धा इंची पीव्हीसी पाईप, एल्बो आणि टी घ्या. चारही पायांना खाली-वर भोके पाडा. आत पाणी शिरले नाही तर पाय तरंगतात आणि मचाण तिरके होते. पायांखाली रबराचे तुकडे लावा, म्हणजे काचेवर ओरखडे पडणार नाहीत. सोल्युशन लावलेले सांधे दोन दिवस सुकवून, एक दिवस पाण्यात भिजवून मगच सांगाडा टाकीत ठेवा. वरती जुन्या क्रेटचा जाळीदार तळ कापून बसवा.

आता उंची. नेहमीच्या पाणीपातळीवर काचेला रंगाची रेघ मारा. जाळी या रेघेच्या अडीच सें.मी. खाली असावी. तिच्यावर ५ सें.मी. धुतलेली बारीक खडी पसरा, म्हणजे निम्मी खडी पाण्यात आणि निम्मी बाहेर राहते. या थराचे वजन साधारण ४ किलो भरते. पाणी रोज एक सें.मी. उतरले तर तिसऱ्या दिवशी जाळी कोरडी पडेल. घरातील टाकीत बाष्पीभवन कमी असते, तरी उन्हाळ्यात रोज संध्याकाळी रेघेपर्यंत भर घालावी.

बोअरचे जड पाणी नुसतेच भरत राहिलात तर क्षार साचत जातात, कारण वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. म्हणून आठवड्यातून एकदा पाचवा हिस्सा पाणी काढून बदला. काढलेले पाणी परसातील झाडांना द्या. नळाचे पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून वापरावे, क्लोरीन निघून जातो.

सिमेंटची टाकी आणि शेततळे

येथे पायांचे मचाण उपयोगाचे नाही, पातळी फार हलते. काश्मीरच्या दल सरोवरात आणि बांगलादेशात भाजीचे वाफे पाण्याबरोबर वर-खाली होतात, तेच तत्त्व येथे घ्यायचे. ४ इंची पाईपची १ × ०.५ मीटरची बंद चौकट करा आणि खाली-वर शेडनेट ताणून बांधा. अशा पाईपच्या एका मीटरला साधारण साडेनऊ लिटरची उचल मिळते. पाईप निम्मा बुडेल एवढाच भार ठेवायचा म्हटले, तर चौकटीचे वजन वजा जाता आठ-नऊ किलो उरतात. म्हणून येथे खडी नको, नारळाचा काथ्या वापरा. थर्माकोल स्वस्त पडतो, पण उन्हात भुगा होतो आणि मासे तो टोचतात.

नवीन सिमेंटच्या टाकीत पाणी भरून, सोडून, असे तीन-चार वेळा केल्याशिवाय मासे सोडू नका. चुना उतरत असतो. तरंगत्या मचाणाने पृष्ठभागाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग झाकू नये, पाण्यात हवा मिसळणे कमी होते. एवढी सावली मात्र माशांना मे महिन्यात हवीच असते.

लागवड

ब्राह्मीचे ८ ते १० सें.मी.चे शेंडे घ्या, खालची पाने काढा आणि दोन पेरे ओल्या माध्यमात दाबा. पेऱ्यांतून मुळे फुटतात. पाण्याखाली वाढलेली ब्राह्मी आणली असेल तर तिची पाने कोरड्या हवेत तग धरत नाहीत. आठ-दहा दिवस वर पारदर्शक प्लास्टिक ठेवून रोज थोडे उघडत जा. खिडकीचे सकाळचे ऊन पुरते, दुपारच्या उन्हाला शेडनेट हवी. गप्पी, मॉली ठीक. गोल्डफिश आणि गवत्या मासा मुळे कुरतडतात.

बांधणीत तांब्याची किंवा जस्त चढवलेली तार वापरू नका, थोड्या पाण्यात माशांना ती विषारी ठरते. नायलॉन दोरी वापरा. मचाणावरच्या झाडांवर कोणतेही कीडनाशक किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक फवारू नये. मावा आला तर तो शेंडाच खुडून टाका. ज्या टाकीत माशांना औषध दिले असेल, तेथील नाळीची भाजी किंवा ब्राह्मी खाण्यात घेऊ नये.

विक्रीचा विचार असेल तर भुसावळ-जळगावच्या मत्स्यालय दुकानदारांशी आधी बोला, मग मचाणे वाढवा. गिऱ्हाइकाला एक गोष्ट सांगायला विसरू नका: हवेत वाढलेले रोप पाण्यात बुडवले की जुनी पाने गळतात आणि काही दिवसांनी पाण्याला सरावलेली नवी पाने येतात. हे न सांगितल्यास रोप खराब म्हणून परत येते.

मचाणावर जलपर्णी कधीच लावू नका. छाटणीचा पाला कंपोस्टमध्ये टाका. नाल्यात टाकलेला तुकडा पुराबरोबर तापीत जातो.