खट्टा मीठा (१९७८)

खट्टा मीठा : बासू चॅटर्जी यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी विनोदी कौटुंबिक चित्रपट. प्रमुख भूमिका : अशोककुमार, पर्ल पदमसी, राकेश रोशन, बिंदिया गोस्वामी, देवेन वर्मा, डेव्हिड, प्रीती गांगुली व रणजित चौधरी. संगीत : राजेश रोशन. गीते : गुलजार.

कथानक : मुंबईतल्या होमी मिस्त्री या पारशी विधुराला चार मुलगे. घरात बाईमाणूस नाही. नर्गिस सेठना या विधवेला दोन मुलगे आणि एक मुलगी. सोली हा मित्र मध्यस्थी करतो, उतारवयात दोघांचं लग्न लागतं आणि सात मुलांचा गोतावळा एका छपराखाली येतो. नवराबायकोचं छान जमतं; जमत नाही ते मुलांचं. कालपर्यंत आपापल्या घरात राज्य करणाऱ्यांना आता जागा, वस्तू आणि आईबापाचं लक्ष, सगळंच वाटून घ्यावं लागतं. पुढे या सातांतल्या फिरोजचं (राकेश रोशन) झरीनशी (बिंदिया गोस्वामी) प्रेम जुळतं, मुलीच्या श्रीमंत बापाचा त्याला विरोध होतो आणि बाहेरचं संकट दारात आल्यावर घरातली भांडणं मागे पडतात.

पार्श्वभूमी : मूळ कल्पना अमेरिकेतली. हेलन आणि फ्रँक बियर्डस्ली यांनी १९६१ मध्ये लग्न केलं तेव्हा तिची आठ आणि त्याची दहा मुलं होती. नंतर आणखी दोन झाली. हेलनने लिहिलेल्या आठवणींवरून मेलव्हिल शेव्हल्सन यांनी १९६८ मध्ये ‘युवर्स, माइन अँड अवर्स’ हा चित्रपट केला. त्यात ल्यूसिल बॉल आणि हेन्री फोंडा होते. २००५ मध्ये डेनिस क्वेड आणि रेने रुसो यांना घेऊन तो पुन्हा काढण्यात आला. बासूदांनी अठरा मुलांची सात केली, पण मुंबईतल्या घराला सातही पुष्कळ झाली.

विधवेच्या लग्नावरून समाजात उठणारा गदारोळ हा या सिनेमाचा विषय नाही. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला तेव्हा त्यांना बहिष्कार सोसावा लागला. उलट मराठवाड्यासह महाराष्ट्रात अनेक बहुजन जातींत पाट लावण्याची, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न लावण्याची, चाल जुनीच होती. मात्र पाट लागलेल्या बाईची पहिली मुलं बहुधा पहिल्या नवऱ्याच्या घरीच राहत. ‘खट्टा मीठा’त दोन्हीकडची मुलं आपापला बाडबिस्तरा घेऊन एकत्र येतात आणि सिनेमाची सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

कलावंत : पारशी घराची ही गोष्ट रंगवणारी मंडळी ठिकठिकाणची. अशोककुमार बंगाली. सोली साकारणारे डेव्हिड बेने इस्रायली. त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे आडनावातच रायगड जिल्ह्यातलं चौल. पर्ल पदमसी मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवरच्या. पडद्यावरच्या मुलांमधली प्रीती गांगुली अशोककुमारांची सख्खी मुलगी आणि रणजित चौधरी पर्ल पदमसींचा सख्खा मुलगा. नायक राकेश रोशन आणि संगीतकार राजेश रोशन हे तर सख्खे भाऊ. दोन घरं एक करण्याचा सिनेमा असा तीन घरच्या माणसांनी मिळून उभा केला.

दिग्दर्शक : बासू चॅटर्जी (१९३०–२०२०) यांचा जन्म अजमेरचा. सिनेमात येण्यापूर्वी ते मुंबईच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते. ‘सारा आकाश’ (१९६९), ‘रजनीगंधा’ (१९७४) आणि ‘चितचोर’ (१९७६) यांनी मध्यमवर्गीय घराचा सिनेमा ही त्यांची ओळख पक्की केली. माणसाची एखादीच लकब पकडायची आणि तिच्यावर अख्खं पात्र उभं करायचं, ही व्यंगचित्रकाराची सवय त्यांच्या चित्रपटांतही दिसते. ‘खट्टा मीठा’च्या पुढच्याच वर्षी आलेल्या ‘बातों बातों में’मध्ये त्यांनी पारशी घर सोडून मुंबईतलं ख्रिस्ती घर गाठलं. पर्ल पदमसी, डेव्हिड आणि रणजित चौधरी तिथेही होते. रणजितच्या हातात व्हायोलिन दिलेलं. घरात काहीही चालू असो, पोरगं आपलं वाजवत असतं.

नंतरचे अवतार : मराठीत दोन घरं एकत्र येण्यापेक्षा एकाच घरातल्या गर्दीचा विनोद अधिक दिसतो. भावांनी भरलेल्या घराच्या ‘सत्ते पे सत्ता’ या हिंदी चित्रपटात (१९८२) एका भावाची भूमिका केलेल्या सचिन पिळगावकर यांनी त्याच गोष्टीवर ‘आम्ही सातपुते’ (२००८) हा मराठी चित्रपट काढला.

‘खट्टा मीठा’ची गोष्ट रोहित शेट्टी यांच्या ‘गोलमाल ३’मध्ये (२०१०) परतली. गोव्याच्या किनाऱ्यावर धंद्यावरून एकमेकांना पाण्यात पाहणाऱ्या दोन टोळ्यांपैकी एकीची आई (रत्ना पाठक शाह) आणि दुसरीचा बाप (मिथुन चक्रवर्ती) लग्न करतात. त्याच वर्षी प्रियदर्शन यांचा ‘खट्टा मीठा’ही आला. त्यात अक्षयकुमारने सचिन टिचकुले हा रस्त्यांची कामं घेणारा मराठी कंत्राटदार रंगवला आहे. तो मल्याळम चित्रपटावरून घेतलेला असून मिस्त्री-सेठना कुटुंबाशी त्याचा काही संबंध नाही. त्यामुळे २०१० मध्ये जुन्या सिनेमाचं नाव एकाकडे गेलं आणि गोष्ट दुसऱ्याकडे.