दिवाडी बेटावरचे शीड

वाशीमपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या दिवाडी बेटावर जहाजबांधणीची जी वाटचाल झाली, तिचा धागा थेट वाशीमला येऊन मिळतो.

रत्नाकर दांडेकर यांचा तिथला अ‍ॅक्वेरियस कारखाना पूर्वी फायबरच्या लहान होड्या बांधत असे. भारतीय माणसाने एकट्याने, शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास होता व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांचा. त्यासाठीच्या 56 फुटी नौकेचे काम दिवाडीला आले. एवढी मोठी शिडाची नौका तिथे कधी बांधली गेली नव्हती. आराखडा डच होता, हात इथले. फेब्रुवारी 2009 मध्ये 'म्हादेई' नौदलाकडे गेली. नाव मांडवीचेच, वरच्या अंगाचे. त्याच ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि मे 2010 मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. 2013 मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून कुठेही न थांबता फेरी पुरी केली. मग 2017 मध्ये 'तारिणी' आली. सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून 254 दिवसांत 21,600 सागरी मैल कापले.

पुढचे काम त्याहून अवघड होते. दांडेकरांच्याच 'होडी इनोव्हेशन्स'मध्ये सप्टेंबर 2023 मध्ये 'कौंडिण्य' या शिडाच्या जहाजाचा कणा ठेवला गेला. या जहाजात फळ्या खिळ्यांनी ठोकायच्या नव्हत्या, काथ्याच्या दोरीने शिवायच्या होत्या. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर टाके घालत होते. अशा प्राचीन जहाजाचा आराखडा उरलेलाच नव्हता. हाताशी होते अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातले एक चित्र. त्यावरून जहाजाचे रूप ठरले आणि त्याची चाचणी मद्रासच्या आयआयटीने प्रतिकृतीवर घेतली.

धागा जुळतो तो इथे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाच्या काळात अजिंठ्याला बहर आला. सोळाव्या लेण्यात त्याचा सचिव वराहदेव याचा शिलालेख आजही आहे. आणि चित्रातले जहाज लढाऊ नाही. पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या कथेत त्याच्या भावाचे ते मालवाहू गलबत आहे, तीन डोलकाठ्यांचे.

मे 2025 मध्ये 'कौंडिण्य' कारवारला नौदलात सामील झाले. 29 डिसेंबरला पोरबंदर सोडून 14 जानेवारी 2026 रोजी ते मस्कतला पोचले.

मालवाहू जहाजांनाही आता वाऱ्याची आठवण झाली आहे. 2023 मध्ये 'पिक्सिस ओशन' या जहाजावर 37.5 मीटर उंचीचे दोन ताठ पंख बसवले गेले. इंजिन चालूच राहते, वारा त्याचा भार हलका करतो. पहिल्या सहा महिन्यांत दिवसाला सरासरी 3 टन इंधन वाचले.

असे पंख आपल्या जहाजांवरही चढायला हवेत. वारा फुकट मिळतो. तो कुठून येतो, किती ताण देतो, डोलकाठीला काय सोसते, हे मात्र काम करता करताच शिकावे लागते. दिवाडीने ते होडीपासून शिकत आणले आहे. या शिक्षणाचा पहिला धडा दीड हजार वर्षांपूर्वी वत्सगुल्माच्या राज्यात, एका भिंतीवर रंगवून ठेवलेला होता.