संमतीची पारख : दख्खनचा कर्जकायदा आणि आजचा संरक्षण आदेश

न्यायालयाने एकदा दिलेले संरक्षण कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या कसोटीवर काढून घ्यावे, हा प्रश्न 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यामुळे नव्या रूपात पुढे आला. मात्र त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न, म्हणजे दुर्बल पक्षाने न्यायाधीशासमोर दिलेली कबुली कितपत त्याची स्वतःची मानावी, हा शिरूर आणि दौंडच्या परिसरात जवळजवळ दीडशे वर्षे जुना आहे.

1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील कर्डे गावात एका सावकाराने हुकूमनामा, म्हणजे दिवाणी न्यायालयाचा वसुलीचा निर्णय, मिळवून गावच्या देशमुखांच्या घरावर टाच आणली, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. पुढे 12 मे 1875 रोजी, दौंडचा परिसर ज्यात मोडत असे त्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि सावकारांची कर्जखते जाळली गेली. या दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढे आलेल्या तक्रारींतून दिसले ते असे की, निरक्षर कुणबी न समजलेल्या कागदावर अंगठा उठवत असे आणि न्यायालय तो कागदच प्रमाण मानीत असे. त्यातून पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याच्या 12 व्या कलमाने न्यायालयाला व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासण्यास सांगितले आणि ऋणकोने रक्कम कबूल केली तरी ती कबुली खरी आहे व आपल्या कायदेशीर हक्कांच्या पूर्ण जाणिवेने दिलेली आहे, अशी खात्री पटल्यावाचून चौकशी टाळता येणार नाही, असे ठरवले.

आदेश बदलण्याची कसोटी मात्र वेगळ्या वाटेने आली. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 488 खाली पोटगी मिळे, आणि परिस्थिती बदलल्याचे सिद्ध झाल्यास कलम 489 खाली तिची रक्कम बदलता येई. हीच ‘बदललेल्या परिस्थिती’ची कल्पना 26 ऑक्टोबर 2006 पासून अमलात आलेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 25 मध्ये दिसते. कलम 18 चा संरक्षण आदेश सामनेवाल्याला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला, हिंसा करण्यास, स्त्रीच्या कामाच्या ठिकाणी येण्यास किंवा तिच्याशी संपर्क साधण्यास मनाई करतो, आणि तो मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम 25 च्या पहिल्या पोटकलमानुसार हा आदेश पीडित स्त्री स्वतः तो रद्द करण्याचा अर्ज करीपर्यंत टिकतो. दुसऱ्या पोटकलमानुसार तिच्या किंवा सामनेवाल्याच्या अर्जावरून, परिस्थिती बदलली आहे अशी खात्री झाल्यास, दंडाधिकारी कारणे लेखी नोंदवून या कायद्याखालील आदेशात फेरफार करू शकतो किंवा तो मागे घेऊ शकतो.

‘परिस्थिती बदलली आहे’ या अटीचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 10 सप्टेंबर 2024 रोजी कर्नाटकातील एका प्रकरणात स्पष्ट केला. तेथे पतीने 2015 चा दरमहा 12,000 रुपये पोटगीचा आणि एक लाख रुपये भरपाईचा आदेश मागे घेऊन दिलेली रक्कम परत मिळावी, अशी मागणी केली होती. बदल आदेशानंतरचा असला पाहिजे आणि मागे घेण्याचा परिणाम पुढच्या काळापुरताच होईल, मागची रक्कम परत मागता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने दिला, त्यामुळे कलम 25 म्हणजे अपिलाचा आडमार्ग नव्हे, हे पक्के झाले.

तरीही सर्वांत अवघड प्रसंग पहिल्या पोटकलमाचा आहे. कलम 27 मुळे शिरूर किंवा दौंड येथे माहेरी, अगदी तात्पुरती राहणारी स्त्रीसुद्धा तेथील प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते. आदेश मिळाल्यानंतर नातेवाईक मध्ये पडतात, पुन्हा नांदवण्याचे आश्वासन मिळते आणि ‘आपसांत तडजोड झाली’ अशी पुरसिस, म्हणजे पक्षकाराच्या सहीचे निवेदन, दाखल होते. ती तडजोड खरी असेल तर ती नाकारणे हा स्त्रीच्या निर्णयशक्तीचाच अपमान ठरेल. पण निवारा, पोटगी किंवा मुले गमावण्याच्या धाकातून केलेली सही ही कर्जखतावरच्या अंगठ्याहून निराळी नसते. म्हणून आदेश उठवण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने तिच्याशी सामनेवाल्याच्या अनुपस्थितीत बोलावे, आदेश गेल्यावर कोणते संरक्षण संपेल हे तिला तिच्या भाषेत समजावून सांगावे, संपूर्ण आदेश रद्द करण्याऐवजी केवळ संपर्कबंदी शिथिल करून भागेल का हे पाहावे आणि पुन्हा हिंसा झाल्यास नव्या घटनांवरून नवा अर्ज करता येतो, याचीही जाणीव द्यावी. हक्कांची पूर्ण जाणीव ही 1879 ची कसोटी कलम 25 मध्ये शब्दशः लिहिलेली नसली, तरी स्त्रीच्या हाती दिलेला अधिकार खरोखर तिच्याच हाती राहावा, यासाठी ती प्रत्येक वेळी लावणे हे न्यायासनाचे कर्तव्य आहे.