सॅक्सोफोनची रीड: केन ते पॉलिमर

सॅक्सोफोनचे अंग पितळेचे असले तरी त्याचा सूर उमटतो तो मुखनळीवर बसवलेल्या, टोकाशी जेमतेम ०.१ मिलिमीटर जाडीच्या रीडमुळे. सनईची पत्ती दुहेरी असते, ही एकेरी. बेल्जियममध्ये जन्मलेल्या अदोल्फ साक्स यांनी १८४६ मध्ये पॅरिसला या वाद्याचे पेटंट घेतले. रीडची रचना मात्र त्यांनी क्लॅरिनेटवरून उचलली होती. त्यामुळे नव्या वाद्याला रीड बनवण्याची जुनी कला आयती मिळाली आणि तिच्यासोबत एका गवतावरचे अवलंबनही आले.

अरुंडो डोनॅक्स हे ते गवत. ऊस आणि बांबू यांच्याच कुळातले, पुरुषभर उंचीच्याही वर जाणारे आणि पोकळ दांड्याचे. वादक ज्याला ‘केन’ म्हणतात ते हेच. खुर्च्या विणायच्या वेताशी त्याचा संबंध नाही. ते भारतातही उगवते, पण रीडसाठी नाव झाले ते फ्रान्सच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या वार जिल्ह्याचे. तिथे दांडे साधारण दोन वर्षांचे झाले की हिवाळ्यात तोडतात, उन्हात उलटसुलट करून सोनेरी होईपर्यंत वाळवतात आणि मग बराच काळ साठवून ठेवतात. कापणी, तासणी त्यानंतरची. दांड्यात लांबीच्या दिशेने ताठ तंतू असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी शोषणारा मऊ गर. कंप पावणाऱ्या रीडचा सगळा स्वभाव या दोहोंच्या मेळात आहे. पण निसर्गात दोन दांडे सारखे नसतात. रीडवरचा २, २½, ३ हा आकडा जाडीचा नसतो. एकाच मापाने कापलेल्या रीड लवचिकता मोजून नंतर वेगळ्या काढतात, त्या कडकपणाचा तो आकडा. तरीही एका खोक्यातल्या दहा रीडपैकी मनासारख्या निघतात त्या मोजक्याच, ही वादकांची जुनी तक्रार आहे.

एकोणिसाव्या शतकात अनेक वादक आपल्या रीड स्वतःच तासत. पॅरिसच्या ऑपेरात क्लॅरिनेट वाजवणारे यूजीन व्हॅन डोरेन यांनी १९०५ मध्ये या घरगुती कामाचा व्यवसाय केला. पुढे अमेरिकेत नृत्यसंगीताची लाट आली, १९२० च्या दशकात सॅक्सोफोन घरोघरी पोहोचला आणि रीडची मागणी बेसुमार वाढली. रिको ही कंपनी १९२८ ची, म्हणजे याच लाटेची. तिचा कारखाना पुढे कॅलिफोर्नियात स्थिरावला आणि केन येई फ्रान्स-अर्जेंटिनातून. गंमत अशी की हेच गवत कॅलिफोर्नियाच्या नदीकाठांवर इतके माजले आहे की ते उपटून काढण्यावर सरकारी पैसा खर्च होतो.

कृत्रिम रीडला पहिली मोठी संधी दुसऱ्या महायुद्धाने दिली. १९४० मध्ये फ्रान्स पडला आणि अमेरिकेला केन मिळेनाशी झाली.  या टंचाईत प्लॅस्टिकच्या रीड बाजारात आल्या, पण केन परत मिळू लागताच बहुतेक वादकांनी त्या बाजूला सारल्या. त्यात वादकांच्या हट्टापेक्षा पदार्थाचा दोष मोठा होता. साधे प्लॅस्टिक सर्व दिशांना सारखेच ताठ आणि केनपेक्षा बरेच जड असते, त्यामुळे आवाज कर्कश आणि हट्टी निघे. केनवर प्लॅस्टिकचा पातळ थर चढवण्याची मधली वाट रिकोने काढली. ती उघड्यावर वाजवणाऱ्यांना सोयीची ठरली, पण तो निर्णायक उपाय नव्हता.

खरा बदल १९९८ नंतर झाला. त्या वर्षी कॅनडात गाय लेजेर आणि टोरोंटो विद्यापीठातले रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक मार्क कोर्टशॉट यांनी लेजेर ही कंपनी काढली. पॉलिप्रॉपिलीन ताणून त्याच्या रेणूंच्या साखळ्या एका दिशेला आणल्या की त्यालाही केनसारखा लांबीच्या दिशेचा ताठपणा येतो, हे त्यांच्या रीडमागचे तत्त्व. जर्मनीत आणि जपानमध्ये इतरांनी तंतुमिश्रित रीड केल्या.

आज निवड प्रसंगावर ठरते. एकाच कार्यक्रमात बासरी, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आलटूनपालटून वाजवणाऱ्याला रीड ओली ठेवायला सवड नसते. त्याला कृत्रिम रीड वरदान आहे. शास्त्रीय पाश्चात्त्य संगीतात मात्र केनचाच पगडा आहे. मुंबईच्या सिनेसंगीतात मनोहारी सिंग यांनी सॅक्सोफोन गाजवला तो काळही केनचाच. पावसाळ्यातल्या दमट हवेत केन फुगते, वातानुकूलित सभागृहात सुकून तिचे टोक लाटेसारखे वळते. कोकण-मुंबईकडच्या वादकाला ही कटकट वर्षभर पुरते. कृत्रिम रीडला ओलाव्याचे सोयरसुतक नाही, मात्र तोंडाच्या उबेने ती किंचित मऊ पडते. एकीच्या किमतीत केनच्या कितीतरी येतात, पण ती महिनोन्‌महिने टिकते. त्यामुळे हिशेब दिसतो तितका एकतर्फी नाही.

रिको २००४ मध्ये डॅडारिओ कंपनीने विकत घेतली. केनच्या रीड ती आजही करते. ‘व्हेन’ नावाची कृत्रिम रीडही तिचीच, आणि तिच्या पॉलिमर-राळेत केनचे कण मिसळलेले असतात.