फर : बागेतील लागवड व निगा

फर हे पायनेसी कुलातील ॲबीज प्रजातीचे सदाहरित, सूचिपर्णी वृक्ष. उत्तर गोलार्धातील थंड डोंगराळ भागांत त्यांच्या सुमारे ५० जाती आहेत. खोड सरळसोट, फांद्या थराथरांनी आलेल्या, घेर खाली रुंद व वर निमुळता. पाने एकेकटी, चपटी, बहुधा बोथट टोकाची. पानाच्या पाठीवर दोन पांढुरके पट्टे असतात. पान ओढून काढले तर डहाळीवर गोल, सपाट वण उरतो. शंकू फांदीवर मेणबत्तीसारखे उभे राहतात आणि पिकले की झाडावरच खवला खवला सुटून गळतात. मागे उरते ती नुसती दांडी. त्यामुळे फरखाली अख्खा शंकू सहसा सापडत नाही. सापडलाच, तर झाड बहुधा स्प्रूसचे असते.

स्प्रूसशी होणारी ही गल्लत जुनी आहे. स्प्रूसचे शंकू खाली लोंबतात, पाने टोचतात आणि पाने गळलेली डहाळी हाताला खरखरीत लागते. ‘डग्लस फर’ तर नावाचाच फर; तो स्यूडोत्सुगा या वेगळ्या प्रजातीतला. ज्यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले त्या डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पतिसंग्राहकाने १८३० च्या सुमारास उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून नोबल फरसारख्या खऱ्या फरचेही बी ब्रिटनला धाडले होते.

बागेसाठी जात निवडताना पन्नास वर्षांनंतरची उंची डोळ्यांपुढे ठेवावी लागते. युरोपातल्या बागांत पुष्कळ दिसणारा नॉर्डमन फर हा मूळचा कॉकेशस पर्वतातला. तिथे तो ६० मीटरपर्यंत जातो. फिनलंडमध्ये जन्मलेले प्राणिशास्त्रज्ञ अलेक्झांडर फोन नॉर्डमन यांच्यावरून त्याला नाव मिळाले. तोडल्यावरही पाने दीर्घकाळ गाळत नाही म्हणून नाताळचे झाड म्हणून त्याला फार मागणी असते. डेन्मार्कमध्ये त्याची मळेच्या मळे लागवड आहे आणि त्यासाठीचे बी मोठ्या प्रमाणावर जॉर्जियातील अंब्रोलाउरी परिसरातून येते. तिथे सप्टेंबरात माणसे उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत चढून शंकू तोडतात, कारण ते खाली पडायची वाट पाहिली तर हाती खवलेच येतात. या बियांपासून माणसाच्या उंचीचे झाड व्हायला आठ-दहा वर्षे जातात.

लहान बागेत मात्र नॉर्डमन लावू नये. तिथे शोभतो कोरियन फर. दक्षिण कोरियातील जेजू बेटावरचा हल्लासान आणि मुख्य भूमीवरचा जिरिसान ही त्याची माहेरे. अर्नेस्ट हेन्री विल्सन यांनी १९२० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तो सावकाश वाढतो आणि झाड जेमतेम छातीइतके असतानाच त्याच्यावर जांभळट निळे शंकू रांगेने उभे राहतात. इतर फर शंकू धरतात तेव्हा ते पाहायला दुर्बीण लागते. ‘झिल्बरलॉके’, म्हणजे ‘रुपेरी बट’, या त्याच्या वाणाची पाने वर वळलेली असल्याने पाठीचे पांढरे पट्टे समोर येतात व झाडावर हिम पडल्यासारखे वाटते. बागांत इतका रुळलेला हा वृक्ष स्वतःच्या डोंगरावर मात्र हवामान तापत गेल्याने वाळतो आहे आणि संकटग्रस्त जातींत गणला जातो.

फरला थंड उन्हाळा, दमट स्वच्छ हवा आणि किंचित आम्ल, निचऱ्याची जमीन लागते. यांतली निचऱ्याची अट सर्वांत कडक. पाणी साचणाऱ्या मातीत फायटॉप्थोरा हा बुरशीसारखा जीव मुळे कुजवतो. झाड खालून तांबूस पडू लागते आणि ते ध्यानात येईतो उपाय राहिलेला नसतो. चिकणमातीत खड्डा खणून त्यात भुसभुशीत माती भरली तर तो खड्डाच पाण्याचा हौद बनतो. त्यापेक्षा उंचवटा करून त्यावर रोप लावलेले बरे. चुनखडीच्या जमिनीत बहुतेक जाती पिवळ्या पडतात. शहरी धूर फरला सोसत नाही.

रोप शरद ऋतूत किंवा वसंताच्या तोंडाशी लावतात. खड्डा मुळांभोवतीच्या मातीच्या हुंडीच्या दुप्पट रुंद असावा. खोल मात्र हुंडीइतकाच. बुंध्याचा मुळांशी जुळणारा भाग मातीत गाडला जाऊ नये. घराच्या भिंतीपासून सात-आठ मीटर अंतर सोडावे. रोप गुडघ्याएवढे असताना हा सल्ला कुणी मनावर घेत नाही. नॉर्डमनची मुळे खोल जातात, त्यामुळे जागा एकदाच ठरवावी. पहिली दोन-तीन वर्षे कोरड्या दिवसांत आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्यावे. रोज झारीभर शिंपडल्याने मुळे वरवरच राहतात. बुंध्याला चिकटणार नाही असे सालींचे वा पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. खताची घाई नको. फरची मुळे जमिनीतल्या बुरशींच्या साथीने अन्न घेतात आणि गळलेली पाने झाडाखालीच कुजू दिली तर ही साथ टिकते. शरदात आतली जुनी पाने पिवळी होऊन झडतात. तो रोग नव्हे. सदाहरित झाडालाही पाने बदलावी लागतात.

छाटणी जवळजवळ करायचीच नाही. फरचा सगळा डौल एका शेंड्यावर उभा असतो. तो उंचीला आवर घालण्यासाठी कापला की झाडाचे रूप कायमचे गेले, आणि पुढे दोन-तीन शेंडे भांडत राहतात. जोडशेंडा फुटलाच तर एक ठेवून दुसरा काढावा. कोवळ्या शेंड्यावर पक्षी बसूनही तो मोडतो. अशा वेळी वरच्या थरातली एक जोमदार फांदी बांबूला सैल बांधून उभी करतात. वर्ष-दोन वर्षांत ती शेंड्याचे काम करू लागते. पाने नसलेल्या जुन्या लाकडाला सहसा नवी फूट येत नाही, म्हणून हिरव्या भागाच्या मागे कात्री नेऊ नये.

अभिवृद्धीतही शेंडा आडवा येतो. बी काही आठवडे ओलसर थंडीत ठेवून पेरले तर रुजते. पण बियांपासून वाणाचे गुण हमखास उतरत नाहीत. म्हणून वाणांची कलमे फरच्याच खुंटावर हिवाळ्याच्या अखेरीस बांधतात. कलमकाडी बाजूच्या फांदीची घेतली तर नवे झाड वर्षानुवर्षे फांदीसारखे आडवेच वाढत राहते, जणू त्याला आपण झाड झालो हे कळलेलेच नसते. किडींपैकी खोडावर कापसासारखी पांढरी लव आणणारी ॲडेलजिड ही रसशोषक कीड सर्वांत वाईट. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी पर्वतातील फ्रेझर फरची जंगले तिने उजाड केली.

भारतात फर हिमालयात आहे. पश्चिम हिमालयातल्या ॲबीज पिंड्रोला तोश, रागा अशी नावे आहेत; गुलमर्गच्या उतारांवर याची दाट वने दिसतात. हिमाचलातील सफरचंदांच्या पेट्या पूर्वी याच्या व स्प्रूसच्या लाकडाच्या असत. त्याहून उंचावरच्या ॲबीज स्पेक्टॅबिलिसची पाने म्हणजे आयुर्वेदातले तालीसपत्र. खोकल्यासाठी घरोघरी ठेवल्या जाणाऱ्या तालीसादि चूर्णाला नाव त्यावरूनच मिळाले आहे. मराठी घरात फर शिरला तो बागेतून नव्हे, औषधाच्या डबीतून.

महाराष्ट्रात व गोव्यात फर लावण्याचा हट्ट धरू नये. त्याच्या कळ्यांना फुटण्याआधी दीर्घ थंडी लागते. ती महाबळेश्वरलाही मिळत नाही, आणि तिथला पाऊस मुळांना मानवणारा नाही. मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळते ते अरोकेरिया. दक्षिण गोलार्धातले, वेगळ्या कुलातले झाड. ते उष्ण, दमट हवेत सुखाने वाढते. त्याचाही शेंडा कापू नये. बाजूच्या फांदीचे कलम त्याचेही आडवेच वाढते. अरोकेरियाच्या जातींपैकी नॉरफॉक पाइन म्हणून उष्ण प्रदेशांत विकली जाणारी पुष्कळ रोपे प्रत्यक्षात न्यू कॅलिडोनियातल्या कुक पाइनची असतात. हे झाड विषुववृत्ताकडे कलते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाच खंडांतील झाडे मोजणाऱ्या अभ्यासात हा कल सरासरी आठ अंशांहून अधिक भरला. आपल्याकडे ते दक्षिणेला झुकणार. बांबू बांधून त्याला सरळ करण्याच्या खटाटोपात पडू नये.