मांजरेच्या गाळांतील पाणघोडे

बीड जिल्ह्याचें नांव निघालें कीं, सुशिक्षित घरांतून दोनच गोष्टींची चर्चा होते: अवर्षण आणि ऊसतोडीसाठीं गांव सोडणारीं कुटुंबें. दोन्ही खऱ्या. परंतु या भूमीची कथा 1972 च्या दुष्काळापासून सुरू होत नाहीं, हें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

पाटोदा तालुक्यांतील बालाघाटाचा माथा पाहावा. त्याचा काळा खडक सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं लाव्हा थिजून झाला. तेव्हां हिंदुस्थान आशियास जोडलेला नव्हता, समुद्रांतून उत्तरेकडे सरकणारा तो एक एकटा भूखंड होता. या माथ्यावरचें पाणी तीन वाटांनीं जातें. विंचरणा सौताड्यास कड्यावरून उडी घेऊन सीनेच्या वाटेनें अखेर कृष्णेकडे जाते. सिंदफणा मांजरथजवळ गोदावरीस मिळते. मांजरा मात्र गोदावरी जवळ असतां तिच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते, संगारेड्डीच्या बाजूस उत्तरेकडे वळते आणि सुमारें 724 किलोमीटर चालून कंदकुर्तीस त्याच गोदावरीच्या पदरांत पडते. एवढा वळसा तिनें कां घ्यावा, तें तीच जाणे!

याच मांजरेच्या जुन्या गाळांत, खालीं लातूर जिल्ह्यांत, संशोधकांस अश्मीभूत अस्थि सांपडल्या. त्यांत हत्ती आहे, आणि पाणघोडाही आहे. पाणघोडा म्हटला कीं आफ्रिकाखंड डोळ्यांपुढें येतें, व आज रानांत तो तेथेंच उरला आहे. पण मांजरेचे पाणघोडे तिकडून कोणीं आणून सोडलेले नव्हते. हिंदुस्थानांत लाखों वर्षें नांदलेली ती निराळी जात होती. या प्राण्याची कातडी उन्हांत तडकते. दिवसा डुंबावयास पाणी आणि रात्रीं चरावयास गवत, एवढें त्यास बारमाही हवें. म्हणजे ज्या पात्रांतून उन्हाळ्यांत आपण कोरड्या पायांनीं पलीकडे जातों, तेथें एके काळीं वैशाखांतही डोह भरलेले असले पाहिजेत. हिमयुगाच्या अखेरच्या टप्प्यांत पाऊसमान घटलें आणि हा प्राणी हिंदुस्थानांतून नाहींसा झाला, असें अनेक संशोधक मानतात. माणसाचा हात त्यांत किती, याचा वाद मिटलेला नाहीं.

मगर मात्र मांजरेंत अद्याप टिकून आहे. पण ती पाहावयाची तर संगारेड्डीजवळच्या अभयारण्यांत जावें लागतें. बीडच्या वांट्यास मोर आले. नायगांवच्या डोंगरांतील घळींत नांगर चालत नाहीं, हेंच त्यांचें पहिलें कवच. 1994 सालीं तेथें मयूर अभयारण्य झालें. मांजरा उगम पावते ती याच तालुक्यांत.