‘मुस्लिम समाजाचं मत’ म्हणजे नेमकं कुणाचं?

आजचा भाग छोटा आहे. अंधेरीला लोकल पकडली असेल तर चर्चगेटच्या आधीच संपेल.

तारीख १८ एप्रिल १९६६. मुंबईत कौन्सिल हॉलवर एक मोर्चा गेला. तेव्हा विधिमंडळ रीगल सिनेमासमोरच्या इमारतीत भरायचं. आज तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. मोर्चात मुस्लिम बायका होत्या फक्त सात. सोबत होते चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. मागणी सरळ होती: तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सगळ्यांना समान नागरी कायदा लावा. पुढे १९७० मध्ये दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं.

आता याच मुंबईतला डिसेंबर १९७२. देशभरातले उलेमा आणि नेते इथे मोठ्या अधिवेशनाला जमले. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं: शरियतचा कायदा हा धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, सरकारने त्यात हात घालू नये. त्यातूनच १९७३ मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड उभं राहिलं.

एकीकडे सात बायका, दुसरीकडे भरगच्च अधिवेशन. मग समाजाचं मत कुठलं? गर्दी मोजली तर उत्तर सोपं वाटतं. पण ज्या बाईला तलाक मिळतो, ती त्या गर्दीत मोजली गेली का?

२०१५ मध्ये भारतीय मुस्लिम महिला आंदोलन या संघटनेने १० राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम बायकांशी बोलून अहवाल काढला. तोंडी तलाक बंद व्हावा म्हणणाऱ्या होत्या ९२ टक्के. अर्थात, हा सर्व्हे सुधारणा मागणाऱ्या संघटनेनेच केला होता, हे ध्यानात ठेवायचं. पण गंमत बघा, या संघटनेला समान नागरी कायदा नको होता. तिला कुराणावर आधारलेला, लिखित मुस्लिम कौटुंबिक कायदा हवा होता.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्यू संस्थेचा अहवाल आला. जवळपास ३०,००० भारतीयांशी बोलून केलेला. त्यात ७४ टक्के मुस्लिमांना कौटुंबिक वादांसाठी स्वतःची शरियत न्यायालयं हवी होती. आणि त्याच अहवालात ५६ टक्के मुस्लिम तिहेरी तलाकच्या विरोधात होते, ३७ टक्के बाजूने.

गोंधळ वाटतो? मला नाही वाटत. कायदा आपला असावा आणि तो न्यायाचाही असावा, असं एकाच माणसाला वाटू शकतं.

सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०१७ ला तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. २०१९ च्या कायद्याने त्यासाठी नवऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद ठरवली. आता नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार, हा वाद आजही चालू आहे.

त्यामुळे पुढच्या वेळी कुणी ग्रुपवर ‘मुसलमानांना हेच हवंय’ असं टाकलं, तर एवढंच विचारा: विचारलं कुणाला, आणि प्रश्न काय होता?

भेटूया पुढच्या भागात!